चॉकलेटात बुडवलेले काप

आमच्या घरात चॉकलेट पहिल्यांदा वितळलं ते धानाच्या तुसावर चालणाऱ्या शेगडीवर, आणि पहिल्याच दिवशी ते बिघडलं. धान नुकतंच घरी आलं होतं. ओसरीतली बांबूची ढोली गळ्यापर्यंत भरली होती आणि घरभर त्या नव्या धानाचा कोरडा, नाकात खाज आणणारा वास होता. आई शेणाने सारवलेल्या अंगणात लाखोळीची डाळ निवडत बसली होती. भाऊ सायकल भिंतीला टेकवून आत आला आणि कागदात गुंडाळलेली एक काळपट वीट त्याने तिच्यापुढे ठेवली. आईने ती उचलली, हुंगली आणि परत ठेवली.

"गूळ जळून गेला का गा हा?"

"गूळ नोहे आई, चॉकलेट आहे. गोंदियाच्या बेकरीवाल्यानं देल्लं. वितळवाचं, त्यात फळं बुडवाची अन् थंड होऊ द्याचं. मंग पाह्य, कशे लोक तुटून पडतेत ठेल्यावर."

माझ्या या भावाचं नाव दिलीप. मी नुसतं भाऊ म्हणायची. तो माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठा होता आणि आमगावला स्टेशनच्या रस्त्यावर त्याचा पानठेला होता. आमचं गाव तिथून सायकलने अर्ध्या तासावर. सकाळी तो विड्याची पानं ओल्या लाल फडक्यात गुंडाळून कॅरिअरला बांधायचा, केस पाणी लावून मागे बसवायचा आणि शीळ घालत निघायचा. बाबूजींना त्याचं हे दुकान मनातून पसंत नव्हतं. बापाची धानाची बांधी सोडून पोरगा लोकांना चुना लावतो, असं ते चारचौघांत म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. पण संध्याकाळी भाऊ परत आला की पहिला हात तेच पुढे करायचे, कारण भावाच्या हातचा खर्रा त्यांना लागायचाच.

खर्रा ज्यांना माहीत नाही त्यांचा मला हेवा वाटतो. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना एका प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून लाकडाच्या पाटीवर घासत बसायचं. घासून घासून सगळं एकजीव, कोमट आणि ओलसर झालं की पन्नीची पुडी वळून द्यायची. आमच्याकडे पाहुणा आला तर पाण्याच्या तांब्यामागोमाग खर्रा येतो. सोयरीक जुळताना खर्रा, भांडण मिटताना खर्रा, मयतीला जमलेल्या माणसांत खर्रा. आता त्यावर बंदी आहे म्हणतात. असेल. माझ्या घरापासून चौकापर्यंत चालत गेलं तर अजूनही तो पाटीवर घासल्याचा खरखर आवाज येतो, आणि मी पन्नाशी ओलांडलेली बाई त्या आवाजाला अजूनही रस्ता बदलते.

तर चॉकलेट. बेकरीवाल्याने भावाला एकच गोष्ट बजावून सांगितली होती, "पानी की एक बूँद नहीं लगनी चाहिए." भावाने ती आम्हाला दहादा ऐकवली. आईला हात पुसायला लावले, माझी ओली वेणी पाठीवर टाकायला लावली. गंजात पाणी उकळत ठेवून वर कोरडा कटोरा बसवला, वीट विळीवर कापून त्यात टाकली आणि ती लकलक करत वितळताना आम्ही तिघं डोकी जुळवून बघत राहिलो. आई निवडणं सोडून आली होती. मग भावाने कटोरा खाली उतरवला, केळी सोलायला घेतली आणि तोवर त्यावर धूळ बसू नये म्हणून सवयीने हात मागे नेऊन भिंतीशी टेकलेल्या सायकलच्या कॅरिअरवरचं ते ओलं लाल फडकं काढलं आणि कटोऱ्यावर पसरलं. पानवाल्याचा हात. ज्याला जपायचं त्याच्यावर ओलं फडकं टाकायचं, एवढंच त्याच्या बोटांना ठाऊक. फडक्याचा मधला भाग खाली झोळला, पाणी ठिबकलं आणि केळी सोलून होईपर्यंत आतलं सगळं दाणेदार, ताठ, पिठल्याच्या गोळ्यासारखं होऊन बसलं. भाऊ त्याच्याकडे बघत राहिला. आई एवढी हसली की तिला भिंत धरावी लागली. तो गोळा आम्ही चमच्याने खरवडून खाल्ला आणि बाबूजींनाही दिला. त्यांनी जीभ फिरवून पाहिली आणि "काही वाईट नाही" असा निकाल दिला.

पुढच्या वेळी जमलं. वितळलेल्या चॉकलेटात काप बुडवून ठेवायचे कशावर, हा प्रश्न होता. ताटाला ते चिकटायचं, कागदालाही चिकटायचं. आईने पळसाच्या पानाला तुपाचं बोट फिरवून दिलं. त्यावर काप ठेवले आणि ढोलीच्या मागच्या गार कोपऱ्यात तासभर राहू दिले की पानावरून सुटून यायचे, आणि खालच्या बाजूला पळसाच्या शिरा जशाच्या तशा उमटलेल्या असायच्या. त्या शिरांवरून बोट फिरवायला मला फार आवडायचं. केळ्याचे काप केले, चिकूच्या फोडी केल्या, संत्र्याच्या पाकळ्या उन्हात ठेवून वरून सुकवून घेतल्या. आईच्या डोक्यातून निघालं की शिंगाडा का नको. गावच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, निघालेले शिंगाडे उकडून, सोलून बुडवले, तर ते सगळ्यांत झकास झाले. आई दोन दिवस गावभर सांगत होती की पोरापेक्षा मलेच जास्त समजते.

ते सगळं भाऊ स्टीलच्या डब्यात ठेल्यावर न्यायचा. बांबूच्या काडीला टोचलेले तीन काप. पानठेल्यावर बाईमाणूस उभं राहत नाही, हा आमच्याकडचा रिवाज. पण त्या हिवाळ्यात कॉलेजच्या पोरी भावाच्या ठेल्यासमोर घोळका करून उभ्या राहायच्या आणि खर्रा घ्यायला आलेले बाप्ये लाजून पलीकडच्या बाजूला सरकायचे. भाऊ घरी येऊन त्यांच्या नकला करायचा. "भैया, वो केले वाला देना ना." त्याला खरंतर पानठेला कधीच नको होता. त्याला काचेचं दुकान हवं होतं, आत लाइट असलेलं. एकदा धान पाखडताना त्याने मला ते सगळं सांगितलं होतं, कुठे काय मांडणार, पाटी कोणत्या रंगाची. मी म्हटलं, मी गल्ल्यावर बसणार. तो म्हणाला, "तू हिशेबात कच्ची आहेस, तुले फळं कापाले ठेवीन."

फळं कापायचं काम मी घेतलं त्याला कारणही होतं. भावाने बुडवलेल्या कापांना चुन्याचा आणि तंबाखूचा वास यायचा. दिवसभर पाटीवर घासून त्याच्या बोटांच्या टोकांत तो मुरलेला होता आणि चॉकलेट असं की शेजारचा वास ताबडतोब ओढून घेतं. एका पोरीने तोंड वाकडं केलं तेव्हापासून त्याला कटोऱ्याला हात लावायला मनाई झाली. मी कापायची, मी बुडवायची. तो समोर उकिडवा बसायचा आणि पहिला काप मी त्याच्या तोंडात टाकायचा, असा नेम पडून गेला. तो डोळे मिटून तोंड उघडायचा, लहान मुलासारखा. म्हणूनच ते घरात सगळ्यांत आधी मला कळलं.

एके दिवशी चिकूची फोड त्याच्या दातांना अडली. नेहमीचीच फोड होती. चॉकलेटचा पापुद्रा फुटून ओठाला आणि मिशीला माखला. आम्ही हसलो. मी म्हटलं, "नीट उघड ना तोंड." तो म्हणाला, "उघडूनच तर राहिलो." मग पुन्हा हसलो. मी फोड अर्धी केली आणि ती गेली.

त्याच सुमारास त्याला आईच्या हातचं जेवण तिखट लागायला लागलं. आमच्याकडे भाजीवर तेलाचा तवंग आणि सोबत ठेचा नसेल तर माणूस आजारी आहे का विचारतात. भाऊ ठेच्याशिवाय ताटावर बसायचा नाही. आता तो भाजीतले बटाटे काढून वाटीतल्या पाण्यात धुवायचा आणि खायचा. आईच्या जिवाला ते फार लागलं. "माह्या हातचं काऊन जळते तुले? इतके वर्स नाही जळलं." तो म्हणायचा, तोंड आलं आहे, जाईल. तिने त्याच्यासाठी वेगळं, बिनतिखटाचं वरण करायला सुरुवात केली आणि ते वाढताना ती त्याच्याकडे बघायची नाही. दूधभात, केळं आणि माझे चॉकलेटचे काप, एवढंच त्याला विनाजळजळ जायचं. संत्र्याच्या पाकळ्या आधी बंद झाल्या. त्या आंबट लागल्या की डोळ्यांतून पाणी यायचं.

तोंड कमी उघडतं याला आमच्या घराने काय काय नाव दिलं. बाबूजी म्हणाले जबड्यात वारं शिरलं. सकाळच्या थंडीत सायकल चालवतो, गळपट्टी बांधत नाही, मग दुसरं काय होणार. गावात हाडं बसवणारे एक म्हातारबा होते. त्यांच्याकडे नेलं. त्यांनी गरम तेलाने दोन्ही कानशिलं चोळून दिली आणि चोळून झाल्यावर, मेहनतीचा मान म्हणून, भावानेच त्यांना एक खर्रा घासून दिला, अर्धा त्यांना आणि अर्धा स्वतःला. मी तिथेच उभी होते. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. कुणालाच दिसलं नाही. दुखणेकरी आणि वैद्य एकाच पुडीतून वाटून खात होते आणि आम्ही सगळे समाधानाने बघत होतो.

गोंदियाच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा पहिला हिवाळा संपून उन्हाळा, पावसाळा होऊन पुन्हा धान कापणीला आलं होतं. डॉक्टर हिंदीतून सुरू व्हायचे आणि आमचे चेहरे पाहून मराठीत यायचे. त्यांनी भावाला स्वतःची बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालायला सांगितली. "तीन जायला पाहिजेत." भावाचं एकच गेलं, दुसरं अर्ध्यावर अडलं. डॉक्टरांनी टॉर्च मारून गालाच्या आतून बोट फिरवलं आणि म्हणाले, आतून चामडं झालंय, दोरीसारखं. "खर्रा कितने साल से?"

"दुकान आहे साहेब," भाऊ म्हणाला.

"ते नाही विचारलं."

"लहानपनापासून."

"आजपासून बंद. पूर्ण बंद. हे जे आकसलंय ते मी परत मोकळं करून देईन असं सांगत नाही, पण बंद केलंस तर इथेच थांबू शकतं. नहीं तो आगे जो होगा, वो तुम भी जानते हो." मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "लक्ष ठेवा याच्यावर." बाबूजी खाली बघत होते. त्यांच्याही गालात तेव्हा पुडी होती.

आमगावला उतरल्यावर भाऊ आमच्यासोबत घरी आला नाही. ठेल्यावर गिऱ्हाईक थांबलं असेल म्हणाला. आम्ही सायकलरिक्षात बसलो आणि मी मागे वळून पाहिलं तर तो कुलूप काढून पाटी मांडत होता. घरी आल्यावर बाबूजींनी कमरेची पुडी काढून उकिरड्यावर टाकली. त्यांनी त्यानंतर खर्रा खाल्ला नाही. महिनाभर ते बैलांवर ओरडले, आईवर ओरडले, पण खाल्ला नाही. त्यांना वाटलं, बापाने सोडलं तर पोरगा सोडेल.

आईने दुकान बंद करायला सांगितलं, पाया पडते म्हणाली. भाऊ म्हणाला, "दुकान बंद करून काय करू? बांधीत उतरू?" मग मला बाजूला बोलावून म्हणाला, "सुनी, तलफ आली की तोंडात काही पायजे. तू मले ते फळाचे काप करून देशील का रोज? मी सोडतो." मी त्या वेळी बारावीत होते. मला वाटलं, एवढंच? एवढ्यावर सुटत असेल तर मी जन्मभर करीन. खरोखर असंच वाटलं मला, की माझ्या भावाचं आयुष्य माझ्या सुरीवर आलंय आणि मला ते जमणार आहे.

तो दुसरा हिवाळा मी कापण्यात घालवला. विकण्यासाठी नव्हे, आता फक्त त्याच्यासाठी. सकाळी शेगडी पेटवायची, कटोरा ठेवायचा, डबा भरून त्याच्या हातात द्यायचा. चिकू पातळ कापला की चुरतो, म्हणून तो सुटला. केळं थोडं कच्चं घेतलं तर बरं कापलं जायचं. मग बाबूजी आठवड्याच्या बाजारातून सफरचंद आणायला लागले. आमच्या घरात सफरचंद फक्त आजाऱ्याला आणायचे आणि ते आणताना बाबूजी पिशवी धोतराच्या सोग्याखाली झाकून आणायचे. सफरचंदाचा काप पाहिजे तेवढा पातळ होतो. सुरुवातीला मी बोटाएवढा जाड करायची. मग रुपयाच्या नाण्याएवढा. मग त्याहून कमी. त्याने सांगायचं नाही, मी विचारायचं नाही. डब्यात उरलेला काप आला की दुसऱ्या दिवशी मी सुरी जरा आत धरायची. पुढे तर काप चॉकलेटात बुडवला की काडीवरून गळून पडायचा, मग मी तो पानावर ठेवूनच वरून चॉकलेट ओतायची आणि उलटून पुन्हा ओतायची. पळसाच्या शिरा आता उमटायच्या नाहीत. तेवढी जाडीच उरली नव्हती.

माझी मुलगी परवा मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवत होती. कुणी बाई स्ट्रॉबेरी चॉकलेटात बुडवत होती, वरून सोनेरी काहीतरी भुरभुरत होती, मागे गाणं. "मम्मी, आपण करू या ना, सोपं आहे." मी म्हटलं कर तू. तिला काय सांगणार. ती म्हणाली, तुला गोड आवडत नाही का? मी म्हटलं, नाही आवडत. चॉकलेट वितळल्याचा वास घरात पसरला आणि मी गॅलरीत जाऊन उभी राहिले.

संक्रांत झाल्यावरची गोष्ट. दुपारची वेळ होती आणि मी आमगावला कॉलेजातून परत येताना ठेल्यावर गेले. भावाच्या समोर डबा उघडा होता आणि तो एक काप दातांच्या फटीतून आडवा सरकवत होता. मला पाहून तो हसला. हसला म्हणजे गाल हलले. तोंड हसण्याएवढंही उघडत नव्हतं आता. मी जवळ गेले आणि मला वास आला. चॉकलेटचा आला आणि त्याच्या खालून दुसराही आला. त्याच्या ओठाच्या कोपऱ्याला तपकिरी ओल होती आणि ती चॉकलेटची नव्हती.

त्याने पाटी बाजूला ठेवली.

"सुटत नाही, सुनी."

"मंग मी कायले कापून राहिली रोज?"

"तू कापतेस म्हनून तेवढा वेळ तरी नाही खात. काप संपेपर्यंत नाही खात, खरं सांगतो." तो शब्द दातांतल्या दातांत बोलत होता आणि मला कान पुढे करावा लागत होता. "एक काप गालात ठेवतो, हळूहळू विरघळू देतो. मंग दुसरा. मंग डबा संपतो."

"मी दोन डबे देईन मंग. तीन देईन."

"दे," तो म्हणाला.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, ओळखीचंच, आणि त्याने बोट वर केलं. भावाने पन्नी उचलली, सुपारी टाकली आणि घासायला लागला. मी त्या माणसाचा चेहरा अजून विसरले नाही. चांगला माणूस होता. भावाची तब्येत विचारत होता.

मी खरंच तीन डबे द्यायला लागले. आई पहाटे उठून मला मदत करायची आणि पातळ कापताना तिचं बोट कापलं की ते तसंच चोखून पुढचा काप घ्यायची. पण होळीच्या आधी गालाच्या आत जखम झाली ती भरेना, आणि मग नागपूर. तिथल्या मोठ्या दवाखान्यात तुकडा काढून तपासला. बाबूजींनी आम्हाला रोगाचं नाव सांगितलं नाही. नुसतं म्हणाले, "तेच निघालं." ऑपरेशनची वेळ गेली होती. मशीनवर किरणांचे शेक दिले. शेकांनी त्याच्या मानेची कातडी काळी पडली आणि आवाज गेला. नाकातून नळी घातली आणि चैत्रात घरी पाठवून दिलं. पानठेला कुलूप लागून उभा होता.

नळीतून पातळ पेज जायची, दूध जायचं. त्याला भूक लागत नव्हती. पण एका दुपारी त्याने मला खुणेने बोलावलं, बोटाने हवेत सुरी चालवली आणि ओठाला बोट लावलं. मी म्हटलं, "भाऊ, ह्या उन्हात ते जमणार नाही. पानावर ठेवलं तर वाहून जाईल." त्याने मान हलवली, ठीक आहे म्हणून. बाबूजी दारात होते. त्यांनी चपला घातल्या, सायकल काढली आणि त्या रखरखीत उन्हात आमगावला गेले. परत आले तेव्हा कॅरिअरला पोतं होतं आणि पोत्यातून पाणी गळत होतं. धानाच्या तुसात पुरलेली बर्फाची लादी. पोरगा लोकांना चुना लावतो म्हणणारे, जबड्यात वारं शिरलं म्हणणारे बाबूजी, अंगरखा ओला, चेहऱ्याला तूस चिकटलेलं. "लवकर कर," म्हणाले.

मी एवढा पातळ काप आयुष्यात कापला नव्हता. त्यातून हात दिसत होता. बर्फावर ताट ठेवून, ताटावर पान ठेवून मी त्यावर चॉकलेटचा थेंब फिरवला आणि घामाचं पाणी लागू नये म्हणून आईने दोन्ही हातांनी वर पदर धरला. भावाच्या दातांत तेव्हा फट म्हणावी अशीही राहिली नव्हती. मी काप त्याच्या ओठांच्या आत, दातांच्या बाहेरच ठेवला. तो तिथे विरघळला. आत किती गेलं मला माहीत नाही. त्याने डोळे मिटले होते, पूर्वी मिटायचा तसेच. आई त्याच्या तोंडाकडे बघत होती. थोड्या वेळाने हनुवटीवरून तपकिरी ओघळ आला आणि तिने तो पदराने टिपून घेतला. त्याने दुसऱ्यासाठी बोट वर केलं नाही.

तो वैशाखात गेला. सकाळची वेळ होती आणि बाबूजी बैलांना पाणी दाखवत होते. यापेक्षा जास्त मला त्याबद्दल लिहिता येत नाही. मी पुष्कळदा प्रयत्न केला आहे.

तेरवीला आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या आवडीचं सगळं एका पत्रावळीवर वाढून अंगणाच्या कडेला ठेवतात. त्याशिवाय घरचे जेवत नाहीत. आईने ठेचा केला, तेलाचा तवंग असलेली भाजी केली, शिंगाडे मिळाले नाहीत म्हणून शिंगाड्याच्या पिठाचा शिरा केला. भावाच्या ठेल्यावर बसणारे त्याचे मित्र आले होते, रडून डोळे सुजलेले. त्यांतल्या एकाने पुढे होऊन, हात जोडून, पत्रावळीच्या कोपऱ्यात एक पुडी ठेवली. नुकता घासलेला खर्रा. अगदी प्रेमाने ठेवला त्याने. भाऊ त्याला रोज द्यायचा, आता तो भावाला देत होता. बाबूजींनी मान फिरवली. आई अंगणातल्या चुलीपाशी होती. ती उठून आली, पुडी उचलली आणि चुलीत टाकली. प्लॅस्टिक जळाल्याचा घाण वास पसरला. त्या मित्राला ती काही लागेल असं बोलली नाही. "जेवून जाशील गा," एवढंच म्हणाली आणि आत आली.

मी आत शेगडीजवळ बसून दारातून हे पाहत होते. कुणी सांगितलं नव्हतं, तरी सकाळपासून मी कटोरा ठेवला होता. बाबूजींनी पहाटेच तुसातला बर्फ आणून ठेवला होता, त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं. सफरचंद हातात घेऊन मी कापत होते आणि पत्रावळीसाठी पळसाच्या पानावर एकेक काप मांडत होते. आई माझ्यासमोर बसली. तिने एक काप उचलून उजेडात धरला. त्यातून शेगडीचा जाळ दिसत होता. दवाखान्यात, घरी, गेल्या तेरा दिवसांत मी तिला आवाज काढून रडताना पाहिलं नव्हतं. तिने तो काप खाली ठेवला आणि सफरचंद धरलेल्या माझ्या हातावर हात ठेवला.

"आता कायले पातळ कापून राहिली वो," ती म्हणाली. "आता उघडते त्याचं तोंड." आणि मग तिला रडू फुटलं, मोठ्याने, बाहेर जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याने.

मी दुसरं सफरचंद घेतलं, त्याचे दोनच भाग केले आणि अख्खे बुडवले.